सुटीनंतर कामावर गेलं की छाती का आवळते? जिनिंगच्या मजुरांनी ओळखावी दमाची ही खूण

पिंप्राळा (जळगाव) : आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. रथ ओढताना धडधाकट माणसालाही दम लागतो. पण थोडं बसलं, पाणी प्यायलं की तो शांत होतो. हा दम आजाराचा नाही. अंगमेहनतीत शरीराला जास्त प्राणवायू लागतो, म्हणून श्वास वाढतो.

कापसाच्या हंगामातला एक दम मात्र वेगळा. जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होताना बारीक धूळ उडते. आठवड्याची सुटी संपवून मजूर कामावर जातो आणि काही तासांतच छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत बरं वाटतं. मग 'थंडी बाधली असेल' म्हणून विषय सोडून दिला जातो. नेमकं इथेच चुकतं.

श्वासाची वाट कशी असते?

आरामात बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो. दर वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल हा स्नायू खाली सरकतो, छातीत जागा होते आणि हवा आत ओढली जाते.

नाकातले केस आणि चिकट स्राव मोठी धूळ अडवतात. पुढे श्वासनलिका दोन फांद्यांत विभागते आणि झाडासारख्या तिच्या फांद्या बारीक होत जातात. टोकाला कोट्यवधी वायुकोश असतात. तिथे प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

कापसाची धूळ काय करते?

या धुळीत नुसते तंतू नसतात. पानांचा, बोंडांचा चुरा आणि जिवाणूंचे विषारी अंशही असतात. नाकातून निसटलेली बारीक धूळ नळ्यांपर्यंत पोहोचते. नळ्यांच्या भिंतीतले स्नायू आवळतात, आतून सूज येते, वाट अरुंद होते. म्हणून श्वास सोडताना त्रास होतो. रोज धूळ लागत राहिली की ही प्रतिक्रिया काही काळ मंदावते. सुटीनंतर पुन्हा उफाळते.

या आजाराला 'बिसिनोसिस' म्हणतात. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास होतो, म्हणून जगभर त्याला 'सोमवारचा ताप' असंही नाव पडलं. कारखाने कायदा, १९४८ मधल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत बिसिनोसिसचं नाव होतं. म्हणजे हा कामातून होणारा आजार आहे, हे कायद्यानेही मानलं.

वेळ का महत्त्वाची?

सुरुवातीला धुळीपासून लांब राहिलं तर त्रास कमी होऊ शकतो. वर्षानुवर्षे तसंच काम सुरू राहिलं तर आधी पहिल्या दिवशी होणारा त्रास रोजचा होतो. नळ्यांचं कायमचं नुकसान झालं की ते भरून येत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त.

काय करावं?

- तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसेल असा लावावा.
- खरा उपाय मशीनजवळच आहे. धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि खेळती हवा ही मालकाची जबाबदारी.
- डॉक्टरांकडे गेल्यावर 'मी जिनिंगला काम करतो' हे आधी सांगावं. त्रास कोणत्या दिवशी होतो, तेही सांगावं.
- छातीच्या एक्स-रेमध्ये हा आजार बऱ्याचदा दिसत नाही. नळीत जोरात फुंकून करायची स्पायरोमेट्री तपासणी कामाआधी आणि कामानंतर केली तर फरक कळतो.

रथ ओढून लागलेला दम विसाव्याने जातो. सुटीनंतर दर वेळी छाती आवळत असेल, तर पुढच्या सुटीची वाट न पाहता तपासणी करून घेतलेली बरी.