आखातात पार्सल पाठवताय? आधी खोक्यात काय आहे ते पाहा

रमजान आणि ईदच्या दिवसांत वसई, पापडी, सोपारा, विरारमधल्या कितीतरी घरांतून दुबई, दोहा, रियाधला पार्सलं जातात. घरचा मसाला, शीरखुर्म्याचं सामान, अत्तर, औषधांच्या पट्ट्या. पण एखादी चुकीची वस्तू गेली, तर तिथे जाब पार्सल घेणाऱ्याला द्यावा लागतो. म्हणून महत्त्वाचे नियम इथे देत आहोत.

काय पाठवू नये?

खसखस : आपल्याकडे ती कुठल्याही किराणा दुकानात मिळते. पण ती अफूच्या बोंडातलं बी आहे आणि अमिराती व सौदी अरबमध्ये तिच्यावर बंदी आहे. नुसती पुडीच नाही, तर खसखस भाजून घातलेला मसाला आणि शीरखुर्म्याचं तयार मिश्रणही पाठवू नका.

औषधं : कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांच्यावर तिथे कडक नियंत्रण आहे. इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवली म्हणजे झालं, असं समजू नका.

अत्तर, सेंट, पॉवर बँक : स्पिरिट असलेली अत्तरं, सेंट आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात पेट घेऊ शकतात, म्हणून चालत नाहीत.

नोटा आणि सोनं : ईदी पार्सलात ठेवू नका, बँकेतूनच पाठवा.

फॉर्म कसा भरावा?

परदेशी पार्सलावर कस्टमचा फॉर्म लागतो. त्यात प्रत्येक वस्तूचं नाव, नग, वजन आणि किंमत लिहायची. नुसतं ‘गिफ्ट’ किंवा ‘खाऊ’ लिहून भागत नाही. खोका घरून पक्का चिकटवून नेऊ नका, काउंटरवर आतलं सामान पाहायला मागू शकतात. ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा.

घेणाऱ्याचा पत्ता इंग्रजीत लिहा, पी. ओ. बॉक्स आणि मोबाइल नंबर विसरू नका. आपला पिनकोडही नीट पाहा : नालासोपारा पश्चिम ४०१२०३, पूर्व ४०१२०९, विरार पश्चिम ४०१३०३, पूर्व ४०१३०५. पार्सल परत आलं, तर याच पत्त्यावर येतं. पावतीवरचा १३ अक्षर-अंकांचा नंबर जपून ठेवा, त्यावरून पार्सल कुठे पोहोचलं ते कळतं. वस्तू किमती असेल, तर विम्याची चौकशी काउंटरवरच करा.

दुसऱ्याचं पाकीट

‘आमचंही एवढं टाका ना’ असं शेजारीपाजारी, नातेवाईक म्हणतात. नाही म्हणायला जीवावर येतं. पण २०१९ मध्ये मुंबईच्या एका मुस्लिम दांपत्याला दोहा विमानतळावर अटक झाली. नातेवाइकाने सोबत दिलेल्या पाकिटात चरस निघालं होतं. दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. त्यांचं बाळ तुरुंगातच जन्मलं. २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले, पण तोवर दीड वर्षाहून जास्त काळ आत गेला होता. ते पाकीट पोस्टाने नाही, सामानातून गेलं होतं. धोका मात्र तोच.

म्हणून पाकीट कुणाचंही असो, समोर उघडून पाहा, मगच खोक्यात ठेवा. शंका असेल, तर ती वस्तू बाजूला काढा. खसखशीशिवायही शीरखुर्मा होतो.