बिराजदार की राक्षे? काळ ओलांडून लावलेल्या कुस्त्यांचे गैरसमज

दोन वेगळ्या काळांतल्या मल्लांची मनातल्या मनात कुस्ती लावायची आणि निकालही आपणच द्यायचा, हा वाद लातूर-नांदेडकडे जुना आहे. लातूरची सिद्धेश्वर यात्रा असो की नांदेड जिल्ह्यातली माळेगावच्या खंडोबाची यात्रा, मैदानातल्या कुस्त्या सुटल्या की पारावरच्या कुस्त्या सुरू होतात. त्यांत एका बाजूला बहुधा हरिश्चंद्र बिराजदार यांचे नाव येते. ‘मामा’ म्हणून ओळखले जाणारे बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे, जन्म १९५०चा. १९६९ साली लातूरलाच भरलेल्या कुस्तीच्या अधिवेशनात ते महाराष्ट्र केसरी झाले, १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले, १९७२ साली ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाले आणि १९७७ साली बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपाल यांना त्यांनी हरवले. समोरच्या बाजूला शिवराज राक्षे, सिकंदर शेख, हर्षवर्धन सदगीर अशी आजची नावे असतात. मुष्टियुद्धाचे शौकीन जगभर हाच वाद मार्सियानो, मुहम्मद अली आणि माइक टायसन यांच्यावरून घालतात. वाद मजेचा असला, तरी तो ज्या समजुतींवर उभा राहतो त्यांतल्या बऱ्याच खोट्या आहेत.

‘मोठा पैलवान तो मोठाच, वजनाचं काय!’

जत्रेच्या मैदानात पंच जोड लावतात तेव्हा दोन्ही पोरांना शेजारी उभे करून उंची, खांदे, मांड्या नजरेने तोलतात. जोड विजोड दिसली तर प्रेक्षकच ओरडतात. हीच मंडळी पारावर बसली की ही काटेकोर नजर विसरतात.

बिराजदारांचे एडिंबरोचे सुवर्ण ८२ किलो वजनगटातले आहे. आज महाराष्ट्र केसरीच्या खुल्या गटात ८६ ते १२५ किलो वजनाचे मल्ल उतरतात. म्हणजे १९७०चे बिराजदार त्याच वजनाने आज आले, तर त्या गटाच्या खालच्या मर्यादेलाही पोचणार नाहीत. त्यांची जोड आजच्या ८६ किलो गटातल्या मल्लाशी लावावी लागेल, १२० किलोच्या मल्लाशी नव्हे.

मुष्टियुद्धात हा घोटाळा अधिक ठळक दिसतो, कारण तिथे ‘हेवीवेट’ या नावाखाली येणारे वजनच बदलले. रॉकी मार्सियानो ४९ लढतींत एकदाही न हरता निवृत्त झाला. त्याचे वजन सुमारे ८५ किलो होते. त्या काळी साधारण ७९ किलोंच्या वरचा प्रत्येक जण हेवीवेट ठरे. पुढे क्रूझरवेट हा नवा गट मध्ये आला आणि त्याची वरची मर्यादा आज जवळपास ९१ किलो आहे. म्हणजे मार्सियानो आज हेवीवेट ठरलाच नसता. फेब्रुवारी २०२० मध्ये डिऑन्टे वाइल्डरला हरवणाऱ्या टायसन फ्युरीचे वजन १२४ किलोंच्या घरात होते. जवळपास ४० किलोंचा हा फरक जिद्दीने भरून निघतो असे ज्यांना वाटते, त्यांनी तालमीत आपल्यापेक्षा ४० किलोंनी जड माणूस एकदा पाठीवर घेऊन पाहावा.

‘कुस्ती ती कुस्तीच, माती असो की गादी’

सगळ्यात मोठा गैरसमज हा आहे.

जत्रेतली मातीची कुस्ती मुळात निकाली. पाठ लागली, मल्ल चितपट झाला, की निकाल. गुण मोजण्याचा प्रश्न नाही आणि जुन्या मैदानांत वेळेचे बंधनही फारसे नसे. सलामी झाली की खडाखडी बराच वेळ चाले, दम जोखला जाई आणि एखादी मोठी कुस्ती तासभर रेंगाळून बरोबरीत सोडवली जाई. आजच्या फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. प्रतिस्पर्ध्याचा ताबा घेतला तर दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलला तर एक, आणि दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न लावताच कुस्ती संपते. नुसती खडाखडी करणाऱ्याला पंच आधी ताकीद देतात, मग तीस सेकंदांची मुदत देतात आणि तेवढ्यात त्याला गुण मिळवता आला नाही, तर समोरच्याला एक गुण बहाल करतात. मातीत जो संयम मोठ्या मल्लाचे लक्षण मानला जातो, तोच गादीवर दंडास पात्र ठरतो. उलट, सहा मिनिटांच्या झंझावाताची सवय असलेला मल्ल मातीत अर्धा तास टिकेल याचीही हमी नाही.

नियमांनी निकाल किती फिरतो, याचा सगळ्यात चांगला दाखला गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांचा. दोघांची गाठ १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गादीवर पडली. गामाची ताकद लक्षात येताच झिबिस्को गादीवर पालथा पडून राहिला आणि अडीच तासांहून जास्त वेळ त्याने पाठ लागू दिली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा ठरली होती, तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि मानाचा पट्टा गामाकडे गेला. १९२८ साली पतियाळात हेच दोघे मातीत समोरासमोर आले. दोघेही पन्नाशीला टेकलेले. या वेळी गामाने एक मिनिटही घेतले नाही. तीच दोन माणसे, तीच जोड. एकदा अडीच तासांत निकाल नाही, एकदा मिनिटाच्या आत निकाल. खरोखर झालेल्या दोन कुस्त्यांत एवढी तफावत पडते, तर न झालेल्या कुस्तीबद्दल कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या नियमांनी हे आधी न ठरवता बोलण्यात फारसा अर्थ नाही.

याच्या उलट टोकाचाही एक गैरसमज आहे, की जुन्या पैलवानांना गादी माहीतच नव्हती. खाशाबा जाधव यांचे १९५२चे हेलसिंकी ऑलिंपिकचे कांस्य गादीवरचे. एडिंबरोचे बिराजदारही गादीवरचेच, आणि तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या होत. मातीत वाढून गादीवर जिंकणे ही त्या पिढीची खरी कमाई होती. जुन्या कौतुकात नेमकी तीच गोष्ट मागे पडते.

‘याने त्याला पाडला, त्याने तिसऱ्याला, म्हणजे हा तिसऱ्यालाही पाडणारच’

पारावरचा हा लाडका हिशोब. बिराजदारांनी सतपाल यांना हरवले, त्याच सतपाल यांनी १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत १०० किलो गटात सुवर्ण मिळवले, तेव्हा ते सुवर्ण बिराजदारांच्याही आवाक्यातले होते, असा तर्क चालतो. या तर्कात मधली पाच वर्षे कुठेच धरलेली नाहीत. बेळगावच्या कुस्तीच्या वेळी सतपाल बाविशीतले होते, बिराजदार सत्ताविशीतले. दिल्लीत सुवर्ण घेणारे सतपाल अनुभवाने आणि अंगाने भरलेले, वेगळेच मल्ल होते. बेळगावचा विजय त्याने कमी होत नाही, पण त्यातून १९८२चा निकाल काढता येत नाही.

मुष्टियुद्धात हा हिशोब उघड फसलेला आहे. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझरने अलीला हरवले. जानेवारी १९७३ मध्ये जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दुसऱ्याच फेरीत संपवले. पारावरच्या गणिताने फोरमनने अलीला चिरडायला हवे होते. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत आडवे केले. फोरमनचे ठोसे फ्रेझरच्या पुढे घुसणाऱ्या शैलीला घातक होते, तर दोरांना टेकून मार झेलत समोरच्याला दमवणाऱ्या अलीला नव्हते. कुस्तीतही असेच घडते. एकेरी पटावर जगणारा मल्ल ढाकेवाल्याला सापडतो आणि तोच ढाकेवाला तिसऱ्याच्या घिश्शात अडकतो.

‘जो केसरी, तोच त्या काळातला सर्वश्रेष्ठ’

महाराष्ट्र केसरी हा किताब १९६१ पासूनचा. खाशाबा जाधव त्यात नाहीत, कारण त्यांचा काळ आधीचा आणि वजनगट ५७ किलोंचा. बीड जिल्ह्यातले राहुल आवारे हे बिराजदारांचे शिष्य. २०१८ साली त्यांनी राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. तेही महाराष्ट्र केसरी नाहीत आणि होऊही शकले नसते, कारण त्यांची पदके ५७ आणि ६१ किलो गटांतली. किताब हा जड मल्लांचा आहे, सगळ्या मल्लांचा नव्हे. सलग तीनदा केसरी झालेले नरसिंग यादव आंतरराष्ट्रीय मैदानात मात्र ७४ किलोंत खेळले.

किताबांची नावेही वादात सर्रास मिसळली जातात. हिंद केसरी वेगळा, १९५९ सालचे त्याचे मानकरी श्रीपती खंचनाळे. रुस्तुम-ए-हिंद वेगळा, भारत केसरी आणखी वेगळा. भरवणाऱ्या संस्था वेगळ्या, उतरणारे मल्लही वेगळे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर संघटनांच्या भांडणामुळे एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेख यांनी शिवराज राक्षे यांना हरवून, आणि धाराशिवला राक्षे यांनी हर्षवर्धन सदगीर यांना हरवून. मुष्टियुद्धात चार संस्थांचे चार पट्टे असतात म्हणून हसणाऱ्यांना तेव्हापासून हसण्याची सोय उरलेली नाही. अशा किताबांची नुसती संख्या मोजून दोन काळांतले मल्ल तोलणे म्हणजे मणात आणि किलोत आलेल्या मालाची बेरीज करणे.

‘पूर्वीचा खुराकच वेगळा, आजचे सगळे डब्यातले’

जोर-बैठकांचे हजारांतले आकडे, दूध-तूप-बदामाचा खुराक, फावड्याने आखाडा खणण्याची मेहनत, हे सगळे खरे होते. पण त्यावरून जुना मल्ल अधिक बलवान होता हे सिद्ध होत नाही. घड्याळाने आणि फुटपट्टीने मोजता येणाऱ्या खेळांत, म्हणजे धावण्यात, पोहण्यात, फेकीत, उच्चांक गेल्या शंभर वर्षांत पुढेच सरकले आहेत. कुस्तीत असे मोजमाप नाही, म्हणून तिथे आठवण मोजमापाची जागा घेते. आठवणीत राहतात ते फक्त निवडक. १९६९ साली पहिल्याच फेरीत हरलेल्या मल्लाचे नाव कुणाला आठवत नाही, २०२५ साली पहिल्या फेरीत हरलेला मल्ल मात्र मोबाईलवर दिसतो. मग जुन्या काळचे शिखर आणि आजची सरासरी यांची तुलना होते.

उलट बाजूने, आजचा व्यायाम, आहार आणि दुखापतीवरचे उपचार जुन्या मल्लाला मिळाले असते तर तो कुठवर गेला असता, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. काळ ओलांडताना मल्लाला त्याच्याच काळासकट न्यायचे की नव्या काळाच्या सोयी देऊन, हे वाद घालणारे दोन्ही पक्ष क्वचितच ठरवतात. निम्मी भांडणे तिथेच असतात.

‘लातूरच्या मातीतच काहीतरी आहे’

माती आहे, पण पैलवान घडले ते बाहेर. बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार झाले आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवली. त्यांचे शिष्य काका पवार हे लातूर तालुक्यातल्या साई गावचे. ग्रीको-रोमनमधले अर्जुन पुरस्कार विजेते, पण त्यांचे कुस्ती संकुल पुण्यातल्या कात्रजला आहे. नावापुढे जिल्हा लावण्याच्या हौसेत आणखी एक गंमत होते. १९६९ साली बिराजदार केसरी झाले तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता. तो १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला. नांदेडला २००१ साली भरलेल्या अधिवेशनात केसरी झाले ते पुणे जिल्ह्यातले राहुल काळभोर. यजमान गाव आणि विजेता मल्ल यांचे नाते बऱ्याचदा एवढेच असते.

‘संगणक सांगेल ना!’

संगणकाला विचारून झाले आहे. १९६७ साली अमेरिकेत मरे वॉरोनर या निर्मात्याने जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांची माहिती एनसीआर ३१५ या संगणकात घालून रेडिओवर काल्पनिक स्पर्धा घडवली. अंतिम लढतीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवले. अली त्याआधीच जेम्स जेफ्रीजकडून हरला असे यंत्राने सांगितले. अलीने बदनामीचा दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोड झाली आणि १९६९ साली अली व निवृत्त मार्सियानो यांच्या लुटुपुटीच्या लढतीचे चित्रीकरण झाले. शेवट वेगवेगळे चित्रित करून ठेवले होते. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये चित्रपट लागला तेव्हा अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला आणि युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला. यंत्रात जे आकडे माणूस घालतो, त्यांत त्याची आवडनिवडही जाते, आणि तिकीटबारीचा हिशोबही.

मग तुलना करायचीच नाही?

करता येते, पण मर्यादेत. एकाच काळातले, एकाच वजनगटातले, एकाच नियमांखाली खेळलेले मल्ल तोलता येतात, तेही प्रत्यक्ष गाठ पडली असेल तर उत्तम. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत गादी विभागाचे हर्षवर्धन सदगीर आणि माती विभागातून आलेले लातूर जिल्ह्यातले शैलेश शेळके भिडले. दोघेही काका पवारांच्याच संकुलातले. सदगीर ३-२ ने जिंकले. वस्ताद एक, काळ एक, तरी फरक एका गुणाचा. आणि २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला, तेव्हा दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे होते. ही कुस्ती हजारोंच्या डोळ्यांदेखत आणि कॅमेऱ्यांसमोर झाली होती.

दोन काळांची तुलना करायची तर प्रत्येक मल्ल त्याच्या समकालीनांच्या किती पुढे होता, एवढेच विचारता येते. बिराजदारांच्या बाबतीत त्याचे उत्तर हाताशी आहे: एकोणिसाव्या वर्षी महाराष्ट्र केसरी, विसाव्या वर्षी राष्ट्रकुल सुवर्ण, बाविसाव्या वर्षी रुस्तुम-ए-हिंद. राक्षे, शेख, सदगीर यांचे मोजमाप त्यांच्या पिढीतल्या मल्लांशी व्हायचे, आणि त्यांच्या कारकिर्दी अजून संपलेल्या नाहीत.