वारीच्या वाटेची शिदोरी : बिनपाकाची गूळ-शेंगदाण्याची वडी



ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. भाताचं रोप टाकून झालं की आपल्या मुळशीतली माणसंही वाटेला लागतात. पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या घरात. दिंडीत दोन वेळचं जेवण मिळतं, त्याची चिंता नाही. अडचण मधल्या वेळची.

माउलींच्या वाटेवरचा पुणे ते सासवड हा टप्पा सुमारे ३० किलोमीटरचा, त्यात दिवे घाट. आणि तो बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येतो. २०२३ साली १४ जूनला असाच आला होता. म्हणजे लांबची चाल, चढण, आणि वर उपास! बिस्किटाचा पुडा त्या दिवशी चालत नाही, नुसत्या चहावर घाट चढू गेलं तर म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढं अंधारी येते.

साठ किलो वजनाच्या माणसाला सपाटीवर २० किलोमीटर चालायला साधारण हजार उष्मांक, म्हणजे कॅलरी, लागतात. घाटात जास्तच. आता हिशेब पाहा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ५६७ उष्मांक आणि २५ ग्रॅम प्रथिने, सुक्या खोबऱ्यात ६६०, तिळात ५६०, गुळात ३८३. गूळ लवकर ताकद देतो, दाणे-खोबऱ्याचं तेल सावकाश. दोन्ही मिळून पोटाला धीर राहतो.

प्रमाण असे : शेंगदाणे अर्धा किलो, गूळ ४०० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, सुके खोबरे १०० ग्रॅम, चार-सहा वेलदोडे, चवीपुरते मीठ. मीठ विसरू नये, घामावाटे तेच जाते. एवढ्यात ४० ग्रॅमच्या सत्तावीस-एक वड्या होतात. एका वडीत सुमारे २०० उष्मांक, म्हणजे तासाभराची चाल. एकादशीसाठी तीळ वगळून तेवढे दाणेच वाढवावेत, कारण बऱ्याच घरांत उपासाला तीळ चालत नाहीत.

दाणे निवडताना मात्र हयगय नको. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे सरळ फेकून द्यावेत. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असते, ते यकृताला घातक असून भाजल्याने पुरते जात नाही. चांगले दाणे मंद आचेवर भाजावेत आणि पूर्ण गार करावेत. कोमट असताना कुटले की वाफ आत राहते आणि वडी बुरसते. साले पाखडून दाण्याचे भरड कूट करावे. मिक्सर असेल तर थांबून थांबून फिरवावा. तीळ आणि खोबऱ्याचा कीस वेगवेगळा कोरडाच भाजून गार करावा. मग किसलेला गूळ घालून सगळे पुन्हा खलबत्त्यात कुटायचे. दाण्याला तेल सुटते, गूळ चिकट असतो, मूठ आवळली की गोळा बसतो. नाही बसला तर चमचाभर तूप, पण पाणी किंवा दूध थेंबभरही नको. तूप लावलेल्या ताटात दाबून थापावे, वर तासभर वजन ठेवावे आणि वड्या कापाव्यात. पाक नाही, म्हणून चिक्कीसारखी कडक होत नाही, कवळी लावणाऱ्यालाही चावते.

आता कोणी विचारील, आपण साखर कारखान्याचे सभासद, मग साखर का नको? ताकद दोन्हींत जवळजवळ सारखीच. पण पाकाशिवाय साखरेचे दाणे सुटेच राहतात, वडी बांधली जात नाही. गुळात थोडा ओलावा आणि मळीचा चिकटपणा असतो, काम त्याचे आहे. गूळ घेताना मात्र फार पांढरा-पिवळा घेऊ नये, तो बऱ्याचदा हायड्रॉस मारून उजळवलेला असतो. तपकिरी गूळ बरा.

हाच गूळ पावसाळी हवेतली ओल ओढतो आणि पाझरतो. म्हणून एकेक वडी बटर पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी, रोजच्या पुरत्या तेवढ्या बाहेर काढाव्यात. वडी पंधरवडाभर टिकते. आधी खवट होते ते खोबरे. संशय असेल तर ते घालूच नये.

मधुमेहवाल्यांसाठी दोन शब्द. गूळ म्हणजे औषध नव्हे, रक्तातली साखर तोही वाढवतो. वडी किती खावी ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे. पण इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असताना दिवसभर चालले तर साखर एकदम खालीही येते : हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलणे अडखळते. त्या वेळी वडी उपयोगाची नाही, तिच्यातल्या तेलामुळे गोडी रक्तात उशिरा उतरते. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटे बसवून पाहावे, फरक नसेल तर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, पालखीबरोबरच्या आरोग्य पथकाकडे न्यावे. ही साखरेची पुडी वडीच्या डब्यात न ठेवता वरच्या खिशात ठेवावी, आणि ती तिथे आहे हे शेजारून चालणाऱ्याला सांगून ठेवावे.