हजेरीपटावर नाव आहे ना?

मैत्रिणींनो, दुधाचा रतीब किती झाला, भिशीचा नंबर कधी लागणार, हे आपल्याला झोपेतही सांगता येतं. पण ‘यजमानांचं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर आहे का?’ असं कुणी विचारलं, तर आपण गप्प! ‘ते पुरुषांचं बघणं’ म्हणून विषय सोडून देतो. प्रसंग ओढवला, की कागद शोधायची वेळ मात्र आपल्यावरच येते.

नवापूरचंच घ्या. तूरडाळीच्या गिरण्या आणि कोंबड्यांची शेडं यांवर इथली कितीतरी घरं चालतात. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातल्या कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू इथेच आढळला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्या कामावरच्या माणसांना संरक्षक पोशाख आणि प्रतिबंधक गोळ्या देण्यात आल्या. सुदैवाने त्या वेळी माणसाला लागण झाल्याचं निष्पन्न झालं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा तेच संकट आलं. कोंबड्यांची भरपाई सरकारने पोल्ट्रीवाल्यांना दिली. पण शेडात राबणाऱ्या माणसाचं काय? त्याची काळजी साथ आल्यावरच करायची का?

आजार उंबऱ्याबाहेर

शेडात विष्ठेचा उग्र वास आणि पिसांची धूळ असते, तर गिरणीत डाळीचा भुसा. रोज छातीत गेला, की खोकला आणि दमा मागे लागतो. तोंडावर मास्क हवा, पायात बूट हवेत. कामावरचे कपडे घरात झटकू नयेत, वेगळे धुवावेत. हातपाय साबणाने धुतल्याशिवाय मुलाला उचलून घेऊ नये. आणि गिरणीत काम करणाऱ्या भगिनींनो, पदर घट्ट खोचा, वेणीचा अंबाडा घाला! फिरत्या पट्ट्यात पदर अडकायला क्षण पुरतो. कामगारांच्या नव्या कायद्यात चाळिशीपुढच्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी सांगितली आहे. ती झाली का, एवढं तरी विचारा.

पगारातून कापलेले पैसे

दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यात, जिथे राज्य कामगार विमा योजना लागू आहे, तिथे दरमहा २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे बारा हजारांच्या पगारात आपले नव्वद रुपये. त्या नव्वद रुपयांत सगळ्या कुटुंबाचं औषधपाणी येतं. ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असली, तर आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कामावर अपघात होऊन घरी बसावं लागलं, तर ९० टक्के. योजना आपल्याकडे लागू आहे का, कार्ड काढलंय का, त्यावर आपलं आणि मुलांचं नाव आहे का, ते आजच बघा.

अपघात झालाच तर

जिथे ही योजना नाही, तिथे भरपाईची जबाबदारी मालकावर येते. १९२३ पासून त्यासाठी कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. कोणत्या कामांना तो लागू, याची यादी कायद्यातच दिली आहे, तेव्हा आपलं काम त्यात बसतं का, हे सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे विचारून घ्यावं. मृत्यू झाल्यास निम्मा पगार गुणिले वयाचा आकडा, असा हिशेब असतो. चाळिशीच्या माणसासाठी तो आकडा १८४.१७ आहे. पगार बारा हजार असेल, तर सहा हजार गुणिले १८४.१७, म्हणजे ११ लाख ५ हजार २० रुपये.

आता नीट ऐका. मालकाने दहाव्याला पन्नास हजार आणून दिले आणि कागदावर अंगठा घेतला, म्हणून प्रकरण मिटत नाही. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेली मदत म्हणजे भरपाई नव्हे. अर्जाची मुदत दोन वर्षांची, तेव्हा दुःखात दिवस घालवू नका.

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. आपली कितीतरी माणसं सोनगड, व्यारा, सुरतेकडे कामाला जातात. अपघात तिकडे झाला, तरी आपण राहतो तिथल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिकडे खेपा घालण्याची गरज नाही.

मालकीणबाई, तुम्हीसुद्धा!

काही वाचक भगिनींच्या यजमानांची स्वतःचीच गिरणी किंवा शेड असेल. विम्याचा हप्ता कमी बसावा म्हणून दहा माणसांऐवजी चारच दाखवायची, पगार कमी लिहायचा, असा हिशेब कुठेकुठे चालतो. पण अपघात झाला, की कंपनी लिहिलेल्या आकड्यांवर बोट ठेवते आणि बाकीचा भार आपल्या घरावर येतो. भरपाई महिन्याभरात दिली नाही, तर वर १२ टक्के व्याज. कारणाशिवाय टाळली, तर दंडही, आणि तो सहसा विमा कंपनी भरत नाही. त्यापेक्षा मास्क, साबण, पट्ट्याला जाळी आणि प्यायला स्वच्छ पाणी कितीतरी स्वस्त! माणूस आजारी पडला नाही, की खाडे कमी होतात, कामही बिघडत नाही.

हे कागद एका पिशवीत ठेवा

पगाराच्या पावत्या किंवा पगार जमा झालेलं पासबुक, विम्याचं कार्ड, आधार कार्डाची प्रत, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला, कारखान्याचा पूर्ण पत्ता आणि ठेकेदाराचं नाव. अपघात झाल्यास दवाखान्यात ‘कामावर लागलं’ असं केसपेपरवर लिहून घ्या आणि मालकाला लेखी कळवून त्याची प्रत जवळ ठेवा.

आज संध्याकाळी चहा देताना यजमानांना एवढंच विचारा, ‘अहो, हजेरीपटावर तुमचं नाव आहे ना?’ ‘बघतो’ म्हणाले, तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा.