पाण्याखालचा ठावठिकाणा शोधताना

अहिल्यानगर : उजनी जलाशयात २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा बळी गेला. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला ती बोट सुमारे ३५ फूट खोलीवर आढळली. याच आठवड्यात, २३ मे रोजी, अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. पाण्याखालील वस्तूचा ठावठिकाणा काढणे किती जोखमीचे आहे, हे या दोन घटनांनी दाखवून दिले. हौशी पाणबुड्यांनाही हाच धडा लागू पडतो. नेमके ठिकाण हाती नसताना पाण्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

उत्तर अमेरिकेतील महासरोवरांत थंड, गोड्या पाण्यामुळे शतकापूर्वीची लाकडी जहाजेही टिकून राहिली असून ती पाहण्यासाठी जगभरातून पाणबुडे तेथे जातात. अहिल्यानगर जिल्ह्यातील जलाशयांच्या तळाशी जहाजे नाहीत. तेथे आहेत ती गावे. जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले. त्याच्या नाथसागर जलाशयाचे पाणी नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतही पसरले आहे. राहुरीजवळचे मुळा धरण आणि अकोले तालुक्यातील १९२६ मधील भंडारदरा धरण यांच्याही पोटात जुन्या वस्तीच्या खुणा गेल्या. गाव सोडताना लोकांनी दारे, तुळया, पत्रे सोबत नेले. मागे उरले ते जोते, दगडी देवळे, ओटे आणि विहिरी.

कागदावरचा शोध

या शोधाची सुरुवात कागदावर होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या धरणापूर्वीच्या नकाशांवर गावठाण, देऊळ, विहीर, गाडीवाट अशा खुणा स्वतंत्र चिन्हांनी दाखवलेल्या असतात. भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशे आणि भूसंपादनाची कागदपत्रे यांची त्यास जोड दिल्यास गावाचे स्थान बरेचसे निश्चित होते.

येथे एक तांत्रिक खाचखळगा आहे. जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या ‘एव्हरेस्ट’ प्रमाणावर बेतलेले आहेत, तर जीपीएस यंत्र ‘डब्ल्यूजीएस ८४’ हे प्रमाण वापरते. जुन्या नकाशावरील अक्षांश-रेखांश रूपांतर न करता यंत्रात भरले, तर या भागात ठिकाण शंभर मीटरहून अधिक सरकते. गढूळ पाण्यात हाताच्या अंतरावरचेही दिसत नाही. तेथे एवढी चूक झाल्यास काहीच हाती लागत नाही.

पातळीचे गणित

दुसरा टप्पा उंचीचा. नाथसागराची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट आहे, तर मृतसाठ्याची पातळी त्याहून बरीच खाली. समजा, एखादे गावठाण १५०० फुटांवर होते. धरण भरलेले असताना त्यावर २२ फूट पाणी असेल. साठा मृत पातळीला आल्यावर तेच गावठाण पाण्याबाहेर, उघडे पडेल. म्हणूनच २०१३ आणि २०१६ सारख्या दुष्काळी उन्हाळ्यांतील उपग्रहचित्रे शोधकर्त्यांना मोलाची ठरतात. उजनीच्या पाण्यातील पळसदेवचे पळसनाथ मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर असेच दृष्टीस पडते. खालच्या पातळीवरील खुणा मात्र कधीच उघड्या पडत नाहीत. त्यांच्यासाठी यंत्राचा आधार लागतो.

ध्वनीने घेतलेला माग

पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने जातो. बोटीवरील यंत्राने सोडलेला ध्वनी तळावर आदळून परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून खोली कळते. ‘साइड स्कॅन सोनार’ बोटीच्या दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी फेकतो. तळापासून वर आलेल्या भिंतीच्या वा नौकेच्या मागे ध्वनी पोहोचत नाही, त्यामुळे चित्रात तिची सावली उमटते. या सावलीच्या लांबीवरून वस्तूची उंचीही काढता येते. बोट ठरावीक अंतरावरच्या समांतर रेषांत फिरवली, तर तळाचा कोणताही भाग सुटत नाही. मात्र गाळात पूर्ण गाडले गेलेले जोते या पद्धतीने दिसत नाही.

यंत्राइतकाच मोलाचा आहे तो स्थानिकांचा अनुभव. आपले जाळे कोठे हमखास अडकते, हे मच्छीमारास पक्के ठाऊक असते. पुनर्वसित गावातील वृद्ध देवळापासून विहीर किती पावलांवर होती, हे आजही सांगू शकतात.

उतरण्यापूर्वी

ठिकाण सापडले म्हणून धोका टळत नाही. तुटलेली मासेमारीची जाळी, उभे राहिलेले बाभळीचे खुंट आणि उघड्या तोंडाच्या विहिरी हे बुडीत गावातील खरे शत्रू होत. बंधाऱ्यालगतचे भोवरे आणि धरणाच्या विमोचकांजवळचा ओढा यांपासून दूर राहणे अनिवार्य आहे. नाथसागर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, तर भंडारदरा सातशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने समुद्रासाठी तयार केलेली वेळापत्रके जशीच्या तशी वापरता येत नाहीत. तारकर्लीच्या समुद्रात घेतलेला अनुभव येथे पुरेसा ठरत नाही, तो याच कारणाने.

जलाशयात उतरण्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी आवश्यक आहे. जायकवाडी परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य असल्याने तेथे वन विभागाचीही संमती लागते. मूर्ती, वीरगळ वा शिलालेख आढळल्यास ते जागेवरून न हलवता छायाचित्र व अक्षांश-रेखांशांसह पुरातत्त्व विभागास कळवणे इष्ट ठरते.

अशी प्रत्येक अचूक नोंद पुढे उपयोगी पडणारी आहे. विहीर कोठे, देऊळ कोठे, जाळी कोठे अडकतात, याचा नकाशा आधीच तयार असेल, तर दुर्घटनेच्या वेळी शोधपथकाला अंधारात चाचपडावे लागणार नाही.