गाव सुटले, चूल कशी पेटावी?

मोहाडी तालुका म्हणजे धानाचा मुलूख. याच तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील सुरेखाताई, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांची हत्या झाली. मागे राहिलेले भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये वारले. त्या हत्याकांडानंतर समाजाने मोर्चे काढले, कोर्टाच्या तारखा मोजल्या. ते आवश्यकच होते. पण अशा अत्याचारामुळे गाव सोडावे लागलेले कुटुंब दुसऱ्या दिवशी खाते काय, हा साधा प्रश्न आज आम्हांला वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

गाव सुटले की उभे पीक सुटते, घरातले धान सुटते, मजुरी जाते, उधार देणारे दुकान जाते. नातलगाकडे चार दिवस निघतात. मग त्यांचेही डबे रिकामे होतात. अशा वेळी सर्वांत आधी आईचे ताट रिकामे राहते.

भुकेचे हे हत्यार जुनेच आहे. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सभासद होते. बहिष्कारात अस्पृश्यांना काम नाकारतात, वाणी जिन्नस विकत नाही, वाटा बंद करतात, असे समितीने १९३० च्या अहवालात नोंदविले. १९७८ च्या नामांतर दंगलीतही मराठवाड्यातील अनेक कुटुंबांना घरदार सोडून पळावे लागले.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. तो माहीत हवा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने घर वा गाव सोडावयास लावणे हाच गुन्हा ठरविला. १९९५ च्या नियमांनुसार तातडीच्या मदतीत अन्न, पाणी, कपडे, निवारा, औषधोपचार येतात. २०१६ च्या दुरुस्तीने त्यासाठी सात दिवसांची मुदत घातली. खून, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांत भांडी, तांदूळ, गहू, डाळी तीन महिने पुरविण्याची तरतूद आहे. ही भीक नव्हे, हक्क आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनो, जिल्हाधिकाऱ्यांना द्यावयाच्या अर्जात धान्याची मागणी स्वतंत्र लिहा, घरातील माणसे मोजून लिहा, पोच घ्या. तोंडी मागणीची फाईल होत नसते. आधार जोडलेले रेशनकार्ड असेल, तर धान्य दुसऱ्या गावच्या दुकानातूनही उचलता येते, हे त्या कुटुंबाला सांगा.

आणि सरकारी धान्य येईपर्यंत? तोवर प्रत्येक घरातून एक पायली तांदूळ निघाला पाहिजे. न्यायाची लढाई वर्षानुवर्षे चालते; ती लढणाऱ्याच्या पोटात अन्न हवे.