सर्दी-खोकल्याची मिश्र गोळी : पाकिटामागची बारीक अक्षरे वाचा

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आपल्या सेनगाव तालुक्यात दोन वस्तूंना एकदम गिऱ्हाईक येते. एक बारदाना आणि दुसरी सर्दीची गोळी. मळणी यंत्राच्या तोंडाशी दिवसभर उभे राहिलेल्या माणसाच्या नाकातोंडात भुसकट जाते, शिंका थांबत नाहीत, रात्री गारवा सुटलेला असतो आणि सकाळी घसा धरतो. मग पुसेगावच्या बाजारात (हे आपले हिंगोली जिल्ह्यातले पुसेगाव, सेवागिरी महाराजांचे ते सातारा जिल्ह्यातले) दुकानापुढे उभे राहून माणूस म्हणतो, "सर्दी-पडशावर द्या हो काहीतरी, जरा कडक द्या." दुकानदार एक गोळी देतो, वर खोकल्याची बाटली देतो, अंग दुखते म्हटले की तिसरी गोळी देतो. तिन्हीचे नाव वेगळे, रंग वेगळा. आतले औषध मात्र पुष्कळदा एकच असते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पीकपाणी सोडून कृषी विस्तार अधिकाऱ्याने गोळ्या-औषधांवर का लिहावे, असे कोणी विचारील. रास्त आहे. मी डॉक्टर नव्हे आणि कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. पण लेबल वाचणे हे आमच्या रोजच्या कामातले आहे आणि औषधाच्या पाकिटाचे व कीटकनाशकाच्या डब्याचे दुखणे अगदी सारखे आहे.

कपाशीवर फवारायला आपण जोडऔषध आणतो. डब्यावर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेले नाव असते आणि खाली बारीक अक्षरात 'प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रीन ४ टक्के' असे लिहिलेले असते. दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर नाव दुसरे, पण आत तेच. ज्याने बारीक अक्षरे वाचली नाहीत तो दोन्ही डबे एकाच पंपात ओततो आणि समजतो की दोन औषधे मारली. खरे तर त्याने एकच औषध दुप्पट मारलेले असते. पिकावर असे झाले तर पैसा जातो, पाने करपतात. पोटात असे झाले तर काय होते, ते पुढे पाहू.

एका गोळीत चार औषधे

सर्दीच्या मिश्र गोळीत साधारणपणे तीन-चार घटक एकत्र केलेले असतात. ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल. चोंदलेले नाक मोकळे व्हावे म्हणून फिनाईलेफ्रिन. शिंका आणि नाकाचे पाणी थांबावे म्हणून क्लोरफेनिरामिन, नाहीतर सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन. काहींत तरतरी यावी म्हणून कॅफिनही घातलेले असते. खोकल्याच्या बाटलीत पुन्हा क्लोरफेनिरामिन असू शकते आणि त्याच्या जोडीला ढास दाबणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कफ पातळ करणारे अॅम्ब्रोक्सॉल. ज्याला नुसत्या शिंका येतात, ताप नाही, अंग दुखत नाही, तोही चारही औषधे पोटात घालतो. गरज एकाची आणि बाकीची फुकटची स्वारी.

आता हिशेब करून पाहू. सर्दीच्या एका गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम. दिवसाला तीन गोळ्या म्हणजे १५०० मिलिग्रॅम. शिवाय ताप आहे म्हणून ६५० ची तापाची गोळी तीन वेळा, ती झाली १९५०. पाठ दुखते म्हणून दुखण्याची जोडगोळी सकाळ-संध्याकाळ घेतली, तिच्यातही ३२५ पॅरासिटामॉल असते, म्हणजे आणखी ६५०. बेरीज ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसासाठी चोवीस तासांत ४००० ही शेवटची हद्द आहे. कोणतीही गोळी ठरल्यापेक्षा जास्त घेतली नाही, तरी हद्द ओलांडली. जास्तीचे पॅरासिटामॉल यकृतावर जाते आणि पहिला एक दिवस त्याचे फारसे लक्षणही दिसत नाही. जो रोज दारू घेतो, ज्याला कावीळ होऊन गेली आहे किंवा जो अंगाने अगदीच रोड आहे, त्याच्यासाठी हद्द आणखी अलीकडे असते. ती त्याने डॉक्टरांनाच विचारावी.

म्हणून पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचावीत. ती बहुधा इंग्रजीत असतात आणि आपल्याकडे ही मोठीच अडचण आहे. घरात दहावी-बारावीचे पोर असेल तर त्याला वाचायला सांगावे. 'पॅरासिटामॉल' हा एक शब्द ओळखता आला तरी अर्धे काम झाले. नाहीतर दुकानदाराला सरळ विचारावे, "या दोन्हीत एकच औषध तर नाही ना?" विचारायला लाजू नये. बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर विचारतोच की.

अशी मिश्रणे सरसकट चांगली असतात, असेही समजू नये. उपचाराच्या दृष्टीने समर्थन होत नाही म्हणून केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे बंद झाली. त्यांत सर्दी, ताप आणि अॅलर्जीवरची बरीच होती. नाक मोकळे करणाऱ्या ज्या फिनाईलेफ्रिनचा वर उल्लेख केला, ते गोळीतून घेतल्यास उपयोगी पडत नाही, असे मत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये दिले.

गोळी खाऊन मळणी यंत्रावर उभे राहू नका

क्लोरफेनिरामिनने झोप येते. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचा अर्थ कोणी लावत नाही. शहरातला माणूस गोळी खाऊन खुर्चीत पेंगतो. आपला माणूस मळणी यंत्रात पेंढ्या सारत असतो, ट्रॅक्टर चालवत असतो किंवा रात्रीच्या लाइटीवर हरभऱ्याला पाणी द्यायला विहिरीच्या काठाने जात असतो. क्षणभराची डुलकी आणि हात आत. मळणीच्या हंगामात असे अपघात होतात, पण गोळी खाल्ली होती का, हे नंतर कोणी विचारत नाही. वर संध्याकाळी शीण जावा म्हणून घोटभर घेतली तर ही गुंगी कितीतरी वाढते. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन त्या मानाने सौम्य. पण त्यांनीही काहींना झोप येते. अॅलर्जीसाठी अलीकडे मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनची जोडगोळी फार चालते. मॉन्टेलुकास्टने काही जणांच्या मनावर परिणाम होतो, वाईट स्वप्ने पडतात, उदासी येते. त्यामुळे ती डॉक्टरांनी दिली तेवढेच दिवस घ्यावी, पुढे आपल्या मनाने चालू ठेवू नये.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांची गोष्ट वेगळी. नाक मोकळे करणारे औषध रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे बीपी असलेल्यांनी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. आबांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर क्लोरफेनिरामिनने लघवी अडू शकते. काचबिंदू असेल तर डोळ्याला धोका. शुगर असलेल्यांनी लक्षात ठेवावे की खोकल्याच्या बऱ्याच बाटल्यांत साखरेचा पाक असतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी आशाताईला किंवा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय यातले काहीच घेऊ नये.

फवारणीनंतरची 'सर्दी'

आता जे सांगतो ते कात्रण काढून ठेवण्याजोगे आहे. फवारणी करून घरी आलेल्या माणसाच्या नाकाला पाणी सुटले, डोळे गळू लागले, लाळ आणि घाम सुटला, खोकला येऊन छातीत घरघर वाजू लागली, तर ती सर्दी असेलच असे नाही. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारख्या औषधांची विषबाधा अशीच सुरू होते. पुढे मळमळ, जुलाब, डोके जड, अंगातले स्नायू फडफडणे, आणि डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे. अशा वेळी "गार वारं लागलं असंल" म्हणून सर्दीची गोळी देऊन माणसाला झोपवले, तर उपचाराचा वेळ झोपेत जातो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. यवतमाळ आपल्यापासून लांब नाही, पीकही तेच आणि औषधेही तीच.

तेव्हा त्या माणसाचे कपडे काढावेत, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवावे, १०८ ला फोन करावा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल-माहितीपत्रक सोबत घेऊन दवाखाना गाठावा. डब्याच्या माहितीपत्रकात उतारा लिहिलेला असतो, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. घरी गोळी नको, दूध नको, लिंबूपाणी नको.

लेकरांच्या बाबतीत

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लेकरे गेली. छिंदवाडा नागपूर जिल्ह्याला लागूनच असल्याने त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. औषधाचे नाव कोल्ड्रिफ, तमिळनाडूत बनलेले, बॅच एसआर-१३. त्यात पॅरासिटामॉल, फिनाईलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन हे नेहमीचेच मिश्रण होते, पण तपासणीत ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. हा कारखान्यांत वापरायचा द्रव आहे. दिसायला दाट, चवीला गोड, किमतीला स्वस्त. औषधात तो ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही, कारण तो मूत्रपिंड निकामी करतो. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या वेळी या बॅचबद्दल इशारा काढला होता. महाराष्ट्राला हे विष नवे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रवाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. २०२२ मध्ये गांबिया देशातही भारतातून गेलेल्या औषधांनी अनेक लेकरे गेली.

अशी भेसळ आपल्याला लेबल वाचून कळत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्या हातात एवढेच आहे की गरज नसताना बाटली आणायचीच नाही. साधी सर्दी बहुतेक लेकरांची आपोआप बरी होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितले आहे की दोन वर्षांखालील लेकरांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील लेकरांनाही ती सहसा देण्याजोगी नाहीत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाईलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. थोरल्यासाठी आणलेली बाटली धाकट्याला "अर्धाच चमचा" म्हणून देणे म्हणजे अंदाजाने फवारणी करणे. डॉक्टरांनी औषध दिलेच, तर ते बाटलीसोबतच्या खुणेच्या टोपणानेच मोजावे. औषधाचा एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. घरातले चमचे कुठे लहान, कुठे मोठे. आणि कीटकनाशक मोजायचे टोपण धुऊन घेतले म्हणून ते औषधाला चालत नाही. घरातली औषधे आणि फवारणीची औषधे एका फळीवर ठेवूच नयेत.

औषध दिल्यावर लेकराची लघवी कमी झाली किंवा बंद झाली, उलट्या सुरू झाल्या, ते मलूल पडले किंवा नीट जागे होईना, तर रात्र काढू नये. बाटली सोबत घेऊन हिंगोली गाठावी. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील तर तो न्यूमोनिया असू शकतो, तिथे खोकल्याच्या बाटलीचे काम नाही.

मग करावे काय? नाक भरले तर वाफ, लेकराला मात्र वाफेजवळ एकटे सोडू नये. घसा धरला तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. एक वर्षावरील लेकराला खोकल्यासाठी रात्री थोडा मध द्यायला हरकत नाही, एक वर्षाच्या आत मध नको. आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले म्हणून हळदीचे दूध सगळ्यावर औषध होत नाही, पण घशाला बरे वाटते, तेवढे खरे. मोठे औषध म्हणजे धूळच आत जाऊ न देणे. मळणीला आणि हळदीच्या पॉलिशच्या ड्रमजवळ वाऱ्याच्या उलट बाजूला उभे राहू नये, तोंडावर धुळीचा मास्क लावावा आणि घरी येताच नाक-तोंड धुवावे. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर गोळ्या बदलत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडक्याची तपासणी फुकट होते.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांच्यासाठी दोन शब्द. १९४५ च्या औषध नियमांत एक हजारापर्यंत वस्तीच्या गावांना काही घरगुती औषधे विनापरवाना विकण्याची सवलत ठेवलेली होती, त्यात खोकल्याची औषधेही होती. छिंदवाड्यानंतर २०२५ च्या अखेरीस त्यातून सिरप वगळण्याचा मसुदा केंद्राने काढला. आपल्या गावात किराणा दुकानात, पानटपरीवर अशा बाटल्या दिसत असतील तर ग्रामसभेत विषय घ्यावा. ज्या पाकिटावर लाल उभी रेघ किंवा 'आरएक्स' अशी खूण आहे, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचे नसते, एवढे तरी दुकानदारांना बजावावे. गिऱ्हाइकानेही पावती मागावी, तिच्यावर बॅच नंबर असतो. औषधाबद्दल संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे. तक्रार करताना बाटली फेकू नये, उरलेले औषध तसेच झाकण लावून ठेवावे.